वृषण बाहेर, मुळे मात्र पोटात: पुरुष जननसंस्थेची रचना आणि कार्य

कशेरुका

शरीररचनाशास्त्राच्या वर्गात पुरुष जननसंस्थेचा धडा सुरू झाला की मागच्या बाकांवर खुसखुस होते आणि पुढच्या बाकांवरची मुले खाली मान घालून आकृती उतरवून घेतात. त्या आकृतीत सगळे अवयव सपाट कागदावर शेजारी शेजारी बसवलेले असतात. त्यामुळे या संस्थेचे कोडे उलगडणारी गोष्ट, म्हणजे तिने गर्भावस्थेत केलेला प्रवास, त्यात कोठेच दिसत नाही. हा धागा त्या प्रवासासाठी काढत आहे. शंका मोकळेपणाने विचाराव्यात, फक्त विषय सोडू नये.

विच्छेदनाच्या टेबलावर मी विद्यार्थ्यांना आधी वृषण दाखवत नाही. जांघेतील कातडी आणि चरबी बाजूला केली की करंगळीएवढी जाड दोरी दिसते. तिला वृषणरज्जू म्हणतात. ती अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच फिरवायला सांगतो. मऊ रक्तवाहिन्या बोटांतून निसटतात आणि त्यांच्यामध्ये सुतळीसारखी कडक, गोल नळी बोटांना लागते. ती शुक्रवाहिनी, म्हणजे शुक्रपेशी वृषणाकडून पुढे नेणारी नळी. मग मी विचारतो की याच दोरीतील वृषणाची धमनी कोठून आली असेल. बहुतेक जण मांडीतील मोठ्या रक्तवाहिनीकडे बोट दाखवतात, कारण ती अगदी हाताशी असते. प्रत्यक्षात ही धमनी पोटातील महाधमनीतून, मूत्रपिंडाच्या धमनीच्या जरासे खाली निघते आणि पोटाच्या मागच्या भिंतीवरून लांबवर उतरत जांघेतून बाहेर पडते. हाताशी विहीर असताना डोंगरावरून पाणी आणावे तसा हा प्रकार वाटतो.

कारण असे की वृषण तयार होतात तेच मुळी वर, मूत्रपिंडांच्या शेजारी. गर्भाच्या पहिल्या सहा आठवड्यांत मुलगा आणि मुलगी यांची जननग्रंथी एकसारखीच असते. त्यानंतर वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक, ज्याचा शोध १९९० मध्ये लागला, त्या ग्रंथीला वृषणाच्या दिशेने वळवते. वृषण पुढे हळूहळू खाली सरकतात आणि गर्भारपणाच्या सातव्या महिन्याच्या सुमारास जांघेतील तिरप्या बोगद्यातून वृषणकोशाकडे उतरतात. घर बदलताना त्यांनी आपली धमनी, शिरा, चेतातंतू आणि लसिकावाहिन्या तोडल्या नाहीत, त्या सोबत ओढत आणल्या.

हे एकदा ध्यानात घेतले की रुग्णालयात दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. वृषणाला मार लागला की कळ पोटात जाते आणि मळमळते. मुतखडा मूत्रवाहिनीत अडकला की वेदना त्या बाजूच्या वृषणापर्यंत येते. वृषणाचा कर्करोग पसरला असेल तर तो आधी जांघेतील गाठींमध्ये न शोधता पोटात, महाधमनीच्या कडेच्या लसिकाग्रंथींमध्ये शोधावा लागतो. वृषण ज्या बोगद्यातून उतरले तो पुरुषांत कमकुवत जागा म्हणून कायमचा राहतो, आणि जांघेतील हर्निया पुरुषांत इतका अधिक आढळतो तो त्यामुळेच. शुक्रवाहिनीचा वळसाही याच प्रवासाची खूण आहे. ती अधिवृषणाच्या, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या गुंडाळलेल्या नळीच्या, टोकापासून वर चढते, बोगद्यातून पोटात शिरते, मूत्रवाहिनीला वरून ओलांडते आणि मग मूत्राशयाच्या मागे खाली येते. वृषण आणि मूत्रमार्ग यांच्यातले सरळ अंतर थोडे असले, तरी ही एकटी नळी ३० सेंमीहून लांब असते.

शंकासुर

लेख आवडला, पण मूळ शंका तशीच राहिली. वंश ज्यावर अवलंबून आहे तो अवयव फासळ्यांच्या पिंजऱ्यात ठेवायचा सोडून निसर्गाने तो दोन पायांच्या मध्ये, कोणाचीही लाथ बसेल अशा जागी का लोंबत ठेवला? तापमानाचे उत्तर शाळेत दिले होते, पण हत्तीचे वृषण तर पोटातच असतात आणि त्याला पिल्ले होतातच की.

कशेरुका

हत्तीचा मुद्दा रास्त आहे. त्यात व्हेल आणि डॉल्फिन यांची भर घाला, शिवाय सगळे पक्षी, ज्यांचे शरीर आपल्यापेक्षा उष्ण असते आणि वृषण मात्र पोटातच असतात. म्हणजे थंडाव्यावाचून शुक्रपेशी तयारच होऊ शकत नाहीत, असा सार्वत्रिक नियम मांडता येत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र एवढे पक्के आहे की आपली शुक्रपेशी घडवणारी यंत्रणा शरीराच्या आतील तापमानापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअस कमी तापमानाला जुळलेली आहे, आणि पोटात अडकून राहिलेल्या वृषणात ती नीट चालत नाही. लोंबत्या वृषणांचा उगम उत्क्रांतीत नेमका कशामुळे झाला यावर जीवशास्त्रज्ञांचे एकमत नाही, आणि मला वाटते की पाठ्यपुस्तकांनी हा वाद एका वाक्यात मिटवून टाकायला नको होता.

हा थंडावा राखण्याची सोय पाहण्याजोगी आहे. वृषणकोशाच्या कातडीखाली चरबीचा थर नसतो, त्याऐवजी पातळ स्नायू असतो. थंडीत तो आकसतो, कातडीला सुरकुत्या पडतात आणि उष्णता बाहेर टाकणारे क्षेत्रफळ कमी होते. रज्जूभोवतीचा दुसरा स्नायू वृषणाला वर खेचतो. खरी कमाल आहे ती शिरांची. वृषणातून परतणाऱ्या शिरा वेलीच्या तणाव्यांसारख्या धमनीला वेढून वर चढतात, त्यामुळे खाली येणारे गरम रक्त आपली उष्णता वर जाणाऱ्या गार रक्ताला देऊन टाकते आणि वृषणात पोहोचेपर्यंत निवते.

याच शिरा फुगल्या की त्याला व्हेरिकोसील म्हणतात. साधारण १५ टक्के पुरुषांत तो आढळतो, बहुतांशी डाव्या बाजूला. उजवी शिरा पोटातील महाशिरेला तिरपी मिळते, तर डावी शिरा अधिक वर चढून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून डावीकडे रक्त तुंबण्याची शक्यता वाढते. फक्त उजव्या बाजूला नव्याने आलेला, किंवा आडवे झाल्यावरही न ओसरणारा फुगवटा दिसला, तर पोटाची तपासणी करून घ्यावी, कारण वर कोठेतरी शिरेवर दाब येत असू शकतो.

ऋतुगंध

मी पहिल्यांदाच लिहीत आहे. आम्ही दोघे वर्षभर मूल होण्याची वाट पाहत आहोत. यांच्या वीर्यतपासणीच्या अहवालात सामान्य आकाराच्या शुक्रपेशी फक्त ५ टक्के आहेत आणि हालचालही कमी आहे. म्हणजे ९५ टक्के पेशी विकृत, असा अर्थ लावून हे दोन दिवस जेवले नाहीत. तपासणीच्या दोन महिने आधी त्यांना मोठा ताप येऊन गेला होता. त्याचा काही संबंध असेल का?

सूक्ष्मदर्शी

ताई, मी प्रयोगशाळेत हीच तपासणी करते, म्हणून सविस्तर लिहिते.

नमुना हातात येतो तेव्हा तो बहुधा गोळा झालेल्या खळीसारखा असतो. डबी तिरकी केली तरी तो एकसंध सरकतो. त्या अवस्थेत मोजणी करता येत नाही, म्हणून तो शरीराच्या तापमानाला ठेवून वाट पाहावी लागते. पंधरा मिनिटे ते अर्धा तास उलटला की तो आपोआप पातळ होतो आणि नळीतून थेंब थेंब पडू लागतो. गोठवणारी प्रथिने शुक्राशयांतून, म्हणजे मूत्राशयामागच्या दोन ग्रंथींतून, येतात आणि ती तोडणारे विकर (एन्झाइम) पुरःस्थ ग्रंथीतून, म्हणजे प्रोस्टेटमधून येते. रक्ततपासणीतल्या ज्या पीएसएला लोक घाबरतात, ते हेच विकर. वीर्य पातळ करणे हे त्याचे मूळ काम आहे. ते थोडे रक्तात झिरपते, आणि ग्रंथी सुजली, वाढली किंवा तिच्यात कर्करोग झाला की अधिक झिरपते.

नंतर चौकटी कोरलेल्या काचेवर थेंब ठेवून मोजणी करते. ४०० पट मोठे करून पाहिल्यावर काही शुक्रपेशी तीरासारख्या सरळ निघालेल्या, काही जागच्या जागी वळवळणाऱ्या, तर काही निश्चल दिसतात. १६७७ मध्ये डच संशोधक लेवेनहूक यांनी आपल्या भिंगातून त्या पाहिल्या तेव्हा त्यांना हे सूक्ष्म प्राणीच वाटले, आणि मराठीतला ‘शुक्रजंतू’ हा शब्द ऐकला की मला तीच समजूत आठवते. तो जंतू नव्हे, पेशी आहे. पुढे २३ गुणसूत्रांनी गच्च भरलेले डोके, त्यावर अंड्याचे आवरण भेदणाऱ्या विकरांची टोपी, मध्ये ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचा वेढा आणि मागे शेपूट. एवढे सगळे मिळूनही लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास भरते.

आता तुमच्या ५ टक्क्यांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत सामान्य आकाराच्या शुक्रपेशींची खालची मर्यादा ४ टक्के आहे. ज्यांच्या जोडीदारांना वर्षभरात गर्भ राहिला अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून ती ठरवली आहे. आकाराचे निकष इतके कडक आहेत की मूल झालेल्या पुरुषांच्या नमुन्यांतही बहुसंख्य पेशी त्यांत बसत नाहीत. त्याच पुस्तिकेप्रमाणे वीर्याच्या एकूण प्रमाणाची खालची मर्यादा १.४ मिली, एका मिलीतील संख्येची १ कोटी ६० लाख आणि पुढे सरकणाऱ्या पेशींची ३० टक्के आहे. या आकड्यांच्या खाली गेले म्हणजे मूल होणारच नाही, किंवा वर असले म्हणजे होणारच, असे मात्र नसते.

तापाचा संबंध असू शकतो. मूळ पेशीपासून पूर्ण शुक्रपेशी घडायला साधारण ७४ दिवस लागतात, नंतर अधिवृषणातील सहा मीटर लांबीच्या गुंडाळलेल्या नळीतून सरकत ती पोहण्याची क्षमता मिळवते, आणि त्यात आणखी काही दिवस ते दोन आठवडे जातात. म्हणजे आज तपासलेला नमुना गेल्या अडीच-तीन महिन्यांची हकीकत सांगत असतो. यांना ताप आला तेव्हा घडत असलेल्या पेशीच त्या दिवशी माझ्यासारख्या कोणाच्या तरी काचेवर आल्या असतील. एका अहवालावरून निष्कर्ष काढू नये. तापाला तीन महिने उलटल्यावर, २ ते ७ दिवसांचा संयम पाळून नमुना पुन्हा द्यावा. तपासणी तुम्हीही करून घ्यावी, कारण अडचण कोणा एकाचीच असते असे गृहीत धरता येत नाही.

पुनर्वसू

माझी नसबंदी होऊन तीन आठवडे झाले. वीर्याच्या प्रमाणात काडीचाही फरक दिसत नाही, म्हणून शस्त्रक्रिया फसली की काय अशी धास्ती वाटते. दुसरे असे की रोज तयार होणाऱ्या शुक्रपेशी आता जातात कोठे? ताकद कमी होते म्हणतात, त्याचे काय?

कशेरुका

वीर्य आणि शुक्रपेशी एकच, या समजुतीतून ही धास्ती येते. वीर्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग शुक्राशयांचा असतो, आणि त्यातली फ्रुक्टोज साखर हा शुक्रपेशींचा शिधा. बराचसा उरलेला भाग पुरःस्थ ग्रंथीचा. वृषणांकडून येणारा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के असतो. शुक्रवाहिनी कापली तर तेवढाच थांबतो, आणि तो डोळ्यांना जाणवत नाही.

कापलेल्या जागेच्या पुढे मात्र जुन्या शुक्रपेशी शिल्लक असतात. साधारण तीन महिने उलटून तपासणीत त्या नाहीत असा अहवाल हाती येईपर्यंत दुसरे गर्भनिरोधक वापरलेच पाहिजे. तीन आठवड्यांवर विसंबू नका. नव्या पेशी अधिवृषणात जिरतात, त्यांचा ढीग साचत नाही.

ताकदीविषयी एवढेच की टेस्टोस्टेरॉन शुक्रवाहिनीतून जात नाही. शुक्रपेशी घडवणाऱ्या नलिकांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी असतात, त्या हे संप्रेरक थेट रक्तात सोडतात. नसबंदीत त्या वाटेला हातच लागत नाही. ‘वीर्य’ या शब्दाचा एक अर्थ पराक्रम असा आहे, आणि मला शंका येते की निम्मा गोंधळ त्या शब्दानेच घातला आहे.

दंडबैठक

मग टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेतले तर शुक्रपेशी वाढायला हव्यात ना? व्यायामशाळेतले एक दोघे घेतात आणि तसे सांगतातही.

सूक्ष्मदर्शी

नेमके उलटे होते. अशा तरुणांचे नमुने मी पाहिले आहेत. दंड भरलेले असतात आणि काचेवर शोधूनही एक शुक्रपेशी सापडत नाही.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके सोडते. एक लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते, दुसरे नलिकांतील सर्टोली पेशींना शुक्रपेशींचे संगोपन करायला लावते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की मेंदूला वाटते वृषणांनी भरपूर काम केले आहे, आणि दोन्ही आज्ञा बंद होतात. रक्तात संप्रेरक भरपूर असते, पण वृषणाच्या आत त्याची पातळी कोसळते. शुक्रपेशींना तर ती रक्तापेक्षा कितीतरी पट अधिक लागते. औषध थांबवल्यावर उत्पादन पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागतात, काहींना त्याहून अधिक.

सांजवात

वय ६४. लघवीला जोर लागत नसल्याने पुरःस्थ ग्रंथीसाठी रोज टॅमसुलोसिनची गोळी घेतो. गोळी सुरू झाल्यापासून परमोच्च क्षणी काहीच बाहेर येत नाही, पुढची लघवी मात्र गढूळ होते. या वयात डॉक्टरांना हे विचारायचा संकोच वाटला.

शंकासुर

सांजवातांच्या प्रश्नाला माझाही एक जोडतो. मूत्र आणि वीर्य एकाच नळीतून येतात, तर ते एकत्र येत नाहीत ते कसे? आणि शिश्नात हाड नसताना ताठरता येते कोठून?

कशेरुका

सांजवात, तुमच्या अनुभवातच शंकासुरांचे उत्तर दडलेले आहे. शुक्रवाहिनी आणि शुक्राशयाची नळी मिळून स्खलनवाहिनी बनते. ती पुरःस्थ ग्रंथीतून आरपार जाऊन मूत्रमार्गात उघडते. या संगमाच्या वर मूत्राशयाच्या तोंडाशी स्नायूचे कडे असते. स्खलनाच्या वेळी ते आवळले जाते, त्यामुळे मूत्र खाली येत नाही आणि वीर्य वर जात नाही. तुमची गोळी लघवी सुटावी म्हणून तिथले स्नायू सैल करते, आणि वीर्य कमी होणे किंवा मागे मूत्राशयात जाणे हा तिचा परिचित परिणाम आहे. वीर्य मागे गेले की पुढची लघवी गढूळ येते. दीर्घकाळच्या मधुमेहात चेतातंतू दुखावल्यानेही असे होते. याने अपाय होत नाही, पण डॉक्टरांना सांगावे, कारण औषध बदलता येते. गोळी मनाने बंद करू नये.

ग्रंथीचे दुखणेही तिच्या जागेमुळेच उद्भवते. ती मूत्रमार्गाला कड्यासारखी वेढून बसलेली असते. वाढत्या वयात होणारी साधी वाढ मूत्रमार्गालगतच्या भागात होते, म्हणून धार लवकर बारीक होते. कर्करोग बहुधा बाहेरच्या, मागच्या भागात सुरू होतो, म्हणून तो पुष्कळ काळ मुका राहतो, आणि गुदद्वारातून बोटाने तपासताना हाताला लागू शकतो.

आता ताठरता. शिश्नात तीन दंडगोल असतात. वरचे दोन स्पंजासारख्या पोकळ्यांचे आणि चिवट आवरणाने वेढलेले. उत्तेजनेच्या वेळी माकडहाडाच्या वरच्या मणक्यांतून येणारे चेतातंतू नायट्रिक ऑक्साइड सोडतात, धमन्यांचे स्नायू सैल पडतात आणि पोकळ्या रक्ताने भरतात. फुगलेला स्पंज आवरणाखालच्या शिरांना दाबून रक्ताची परतीची वाट अडवतो. तिसऱ्या, खालच्या दंडगोलातून मूत्रमार्ग जातो. तो मुद्दाम मऊच राहतो, नाहीतर वीर्याची वाटच चेपली गेली असती. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांना निरोप देते या शोधासाठी १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ताठरतेसाठीचे औषध सिल्डेनाफिल त्याच वर्षी बाजारात आले. हृदयासाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्याने ते कदापि घेऊ नये, कारण रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरतो.

शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असतात, त्यामुळे त्या आधी चोंदतात. चाळिशी-पन्नाशीत ताठरतेची तक्रार नव्याने सुरू झाली तर रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावे.

पिंपळपार

माझा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याचे उजवे वृषण कधी जागेवर दिसते, कधी दिसत नाही. हा धागा वाचून वृषण उतरलेच नसावे अशी भीती वाटू लागली आहे.

कशेरुका

पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी सुमारे ३ टक्क्यांत जन्मतः एक तरी वृषण उतरलेले नसते. बरेचसे पहिल्या काही महिन्यांत उतरतात. सहा महिन्यांनंतर आपोआप उतरण्याची शक्यता कमी असते, आणि शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत झालेली बरी, कारण वर राहिलेल्या वृषणात शुक्रपेशींचे नुकसान होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो.

‘कधी दिसते’ हे तुमचे शब्द मात्र दिलासा देणारे आहेत. या वयात रज्जूभोवतीचा स्नायू फार चपळ असतो. थंड हात लागला की तो वृषणाला जांघेत ओढून नेतो. मूल कोमट पाण्यात मांडी घालून बसले असताना, हात न लावता पाहा, आणि काहीही दिसले तरी बालशल्यचिकित्सकांना एकदा दाखवा.

एक गोष्ट वेगळी लिहितो. मुलाच्या किंवा तरुणाच्या वृषणात अचानक तीव्र वेदना सुरू झाल्या तर रज्जूला पीळ पडल्याची शंका घेऊन तडक रुग्णालय गाठावे. रक्तपुरवठा साधारण सहा तासांत परत मिळाला तर वृषण बहुधा वाचते. त्यासाठी सकाळ होण्याची वाट पाहू नये. पोरे लाजेने नुसते पोट दुखते म्हणून सांगतात, आणि वेदना खरोखरच पोटातही जात असल्यामुळे मोठी माणसे फसतात.

पिंपळपार

तुम्ही सांगितले तसे केले. कोमट पाण्यात बसून तो होडी फिरवत होता, आणि दोन्ही वृषणे खाली, डावे उजव्यापेक्षा किंचित अधिक. टॉवेल घेतला, वारा लागला, आणि उजवे डोळ्यांदेखत वर सरकले. आज बालशल्यचिकित्सकांना दाखवून आलो. त्यांनी स्नायूचीच ओढ असल्याचे सांगितले, पण अशी वृषणे क्वचित पुढे वर अडकून बसतात, म्हणून वयात येईपर्यंत दरवर्षी दाखवायला बोलावले आहे.

ऋतुगंध

आम्हीही तारीख ठरवली. ताप उतरल्याला पुढच्या महिन्यात तीन महिने होतील, त्यानंतर नमुना देणार आहोत. माझी तपासणी त्याच आठवड्यात आहे. हे काल दोन घास जास्त जेवले.